बारा घरांचा तक्ता

मराठी माध्यमाच्या कुठल्याही शाळेतली इंग्रजी व्याकरणाची वही उघडा, पट्टीने आखलेला एक तक्ता तीत सापडतोच. वर तीन काळ: वर्तमान, भूत, भविष्य. डावीकडे चार प्रकार: साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण. तीन चोक बारा. प्रत्येक घरात तेच क्रियापद, बहुधा 'राइट' किंवा 'गो', वेगवेगळ्या वेषात. 'आय राइट'पासून निघायचं आणि 'आय शॅल हॅव बीन रायटिंग'पाशी पोचायचं. हे शेवटचं वाक्य परीक्षेबाहेर कुणाच्या कानावर फारसं पडत नाही, तरी पिढ्यानपिढ्या मुलांनी ते पाठ केलं आहे.

हा तक्ता इंग्रजी भाषेबरोबरच जन्माला आला, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. भाषा आधीची, तक्ता पुष्कळ नंतरचा. तो कुणी कुणी आणि कशावरून रचला याचा माग लागतो. तो काढला की भूत आणि भविष्य शिकताना मराठी मुलं नेमकी कुठे अडखळतात, तेही उमगतं.

आधी भाषेकडे पाहू. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत क्रियापदाला काळाची रूपं होती दोनच: एक वर्तमानाचं, एक भूताचं. भविष्याला वेगळं रूपच नव्हतं. उद्याची गोष्ट वर्तमानाच्याच रूपात सांगायची आणि 'उद्या' कुठला ते संदर्भावरून कळायचं. आपणही 'उद्या येतो' म्हणतोच की.

भूतकाळाचे मात्र दोन मार्ग होते. एका मार्गात क्रियापदाच्या पोटातला स्वर बदलायचा: सिंग, सँग, संग. हा मार्ग फार जुना, इंग्रजी जर्मन वगैरे भाषांपासून वेगळी होण्याच्या कितीतरी आधीचा. दुसऱ्यात शेवटी 'ड' किंवा 'ट' जोडायचा: वॉक, वॉक्ड. हा जर्मानिक भाषांनी स्वतः घडवलेला, सोपा, म्हणूनच पुढे सगळीकडे पसरलेला मार्ग. पहिल्या मार्गातली क्रियापदं हळूहळू दुसऱ्यात जात राहिली. 2007 साली 'नेचर' या नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी त्याचा हिशेबच मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित उरली होती आणि आज 98. जी क्रियापदं तोंडात कमी येतात ती लवकर नियमित होतात. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने बदलतं, असं त्यांना आढळलं. 'हेल्प'चं जुनं भूतरूप 'होल्प' असं होतं. ते मागे पडून 'हेल्प्ड' आलं. 'गो', 'बी', 'हॅव', 'डू' ही रोज शेकडो वेळा वापरली जातात, म्हणून ती अनियमितच राहिली.

म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावर 'गो, वेंट, गॉन' अशी जी तीन रकान्यांची यादी असते, ती भाषेतल्या सर्वांत राबत्या शब्दांची यादी आहे. 'वेंट' हे तर मुळात 'गो'चं रूपच नाही. 'वेंड' नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचं भूतरूप 'गो'ने आपलंसं केलं आणि स्वतःचं जुनं रूप टाकून दिलं. मराठी मुलाला हे विचित्र वाटायचं कारण नाही. 'जाणे'चा भूतकाळ 'गेला' होतो, 'येणे'चा 'आला'. 'जा' आणि 'गे' यांत एक अक्षर सारखं नाही, कारण 'गेला' आला आहे संस्कृतातल्या 'गत'कडून. 'करणे, केला', 'मरणे, मेला' या जोड्या कुठल्या मुलाने घोकल्या? इंग्रजीच्या तासाला हे एकदा सांगितलं, तर त्या यादीची निम्मी भीती तिथेच जाईल.

भविष्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. रूप नसलेल्या भविष्याला इंग्रजीने दोन पूर्ण क्रियापदं कामाला लावली. 'शॅल'चा जुना अर्थ देणं लागणं, बांधील असणं. 'विल'चा अर्थ इच्छा असणं. मृत्युपत्राला आजही 'विल' म्हणतात ते त्यामुळेच. बांधिलकी आणि इच्छा या दोन गोष्टींतून भविष्य तयार झालं, आणि त्यांचे जुने अर्थ पुरते पुसले गेले नाहीत.

या दोघांची वाटणी पहिल्यांदा नीट मांडली ती जॉन वॉलिस यांनी, 1653 साली. वॉलिस ऑक्सफर्डचे गणिताचे प्राध्यापक. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात आणणारे तेच. त्यांचं इंग्रजी व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलेलं होतं, कारण इंग्रजी शिकू पाहणारे परदेशी विद्वान त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी नियम दिला: प्रथमपुरुषात 'शॅल' म्हणजे नुसतं भाकीत आणि 'विल' म्हणजे वचन किंवा धमकी, द्वितीय आणि तृतीय पुरुषात याच्या नेमकं उलट. परक्यांच्या सोयीसाठी केलेला हा नियम पुढे इंग्रजांच्याच शाळांत शिरला आणि अडीचशे-तीनशे वर्षं मुलांच्या मानगुटीवर बसला. बुडणाऱ्या परदेशी माणसाची गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकांतून फिरली ती याच काळात. 'मी बुडणार, मला कुणी वाचवणार नाही' असं त्याला म्हणायचं होतं. त्याने 'शॅल' आणि 'विल'ची अदलाबदल केली, 'मला बुडायचंच आहे, कुणी मला वाचवता कामा नये' असा अर्थ झाला आणि काठावरचे लोक स्वस्थ उभे राहिले. प्रत्यक्ष बोलण्यात हा भेद सगळीकडे कधीच पाळला गेला नाही. आज तर बहुतेक ठिकाणी नुसतं 'आय'ल' ऐकू येतं, त्यात 'शॅल' आहे की 'विल' हे ओळखताही येत नाही. आपल्या तक्त्यात मात्र 'आय शॅल, यू विल, ही विल' अजून टिकून आहे.

आता तक्त्याकडे वळू. त्याचं मूळ इंग्रजीत नाही, ग्रीक व्याकरणात आहे. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरच्या व्याकरणात तीन काळ सांगून भूतकाळाचे चार प्रकार केले आहेत. रोमनांनी ती चौकट लॅटिनला लावली आणि पाच काळ मोजले. युरोपात पुढची हजार वर्षं व्याकरण म्हणजे लॅटिनचंच व्याकरण. इंग्लंडात आठव्या हेन्रीने विल्यम लिली यांच्या नावाने ओळखलं जाणारं लॅटिन व्याकरण शाळांसाठी नेमून दिलं. 1586 साली विल्यम बुलोकर यांनी इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो लिलीचाच. दोन रूपांच्या भाषेला पाच काळांचा अंगरखा चढवायचा, तर कापड कमी पडणारच. मग 'हॅव', 'हॅड', 'शॅल', 'विल' यांची ठिगळं जोडून ती घरं भरली गेली.

याला विरोध करणारा माणूस तेव्हाही होता. पुढे प्राणवायूच्या शोधासाठी प्रसिद्ध झालेले जोसेफ प्रीस्टली यांनी 1761 साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. लॅटिनची सगळी रचना इंग्रजीवर लादायची नसेल, तर इंग्रजीला भविष्यकाळ मानण्याचंही कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. आजच्या भाषाशास्त्राने ती उचलून धरली आहे. 2002 साली निघालेल्या केंब्रिजच्या बृहद्व्याकरणात इंग्रजीला भविष्यकाळ नाही असंच म्हटलं आहे. पण शाळांनी प्रीस्टलींना बाजूला ठेवलं आणि 1795 साली आलेलं लिंडले मरे यांचं पुस्तक उचललं. मरे मूळचे अमेरिकन, यॉर्कजवळ स्थायिक झालेले. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी ते लिहिलं. त्यात सहा काळ होते. या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

मग सहाचे बारा कुठून झाले? हा आकडा 1751 साली जेम्स हॅरिस यांच्या 'हर्मीज' या ग्रंथात भेटतो. हॅरिस सगळ्या भाषांना लागू पडेल असं तात्त्विक व्याकरण शोधत होते. तीन काळ घ्यायचे आणि प्रत्येकाच्या चार अवस्था करायच्या: मोघम, आरंभाची, चालू आणि पूर्ण. आपल्या तक्त्यातला 'चालू पूर्ण' तिथे नाही, त्याजागी आरंभ आहे. पण आखणी तीच. भारतीय शाळांच्या ओळखीचा तक्ता नेसफिल्ड यांच्या पुस्तकात तयार दिसतो. जे. सी. नेसफिल्ड वायव्य प्रांत आणि अवधच्या शिक्षण खात्यातले अधिकारी होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या त्यांच्या व्याकरणमालेत तीन काळ, प्रत्येकाची चार रूपं, ही बारा घरं आहेत. 1930च्या दशकात 'रेन अँड मार्टिन' आलं. त्यातले पी. सी. रेन हे 'ब्यू जेस्ट' या गाजलेल्या कादंबरीचे लेखक, आणि त्याआधी मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यातले नोकरदार. त्या पुस्तकाने हा तक्ता घराघरात नेला. मराठीत 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' होतीच. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, अशी तिची रीत. कित्येक घरांत वडिलांनी वापरलेली पाठमाला मुलाने वापरली.

एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. हा साचा मराठीवरही बसला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची ठेवण त्यांच्यासमोर होती. आजही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मराठीचे काळ साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार-चार करून बाराच मोजतात. मोरो केशव दामल्यांचं 1911चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' मात्र रूपापासून निघणारी वाटही दाखवतं: 'ल' असलेलं ते लाख्यात, 'ऊ' असलेलं ते ऊ-आख्यात. आधी रूप ओळखा, मग ते कुठल्या काळासाठी वापरलं जातं ते पाहा. पाणिनीची वाट तर आणखी निराळी होती. घटना आजची की आजच्या आधीची, बोलणाऱ्याने ती पाहिली की नाही, यावर त्याचे लकार, म्हणजे क्रियापदरूपांचे वर्ग, ठरतात. काळ मोजण्याची एकच रीत जगात नाही, हे आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

रूप आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच तक्ता झाकून टाकतो. हॉटेलातला पोऱ्या 'आलोच साहेब' म्हणतो तेव्हा रूप भूताचं असतं आणि तो अजून यायचा असतो. 'पाऊस आला तर सामना रद्द होईल' यातला पाऊसही पडायचाच आहे. इंग्रजी इथे 'इफ इट रेन्स' म्हणते, वर्तमानाच्या रूपात. भविष्याचं काम वर्तमानच करत होतं त्या जुन्या दिवसांची ती खूण आहे. मुलाला तक्त्यात 'भविष्य म्हणजे विल' असं शिकवलेलं असतं, मराठीत 'तो येईल तेव्हा' असंच म्हणतात, म्हणून ते 'व्हेन ही विल कम' लिहितं आणि लाल खूण पडते. तक्ता त्या मुलाला वाचवू शकत नाही, उलट त्यानेच त्याला तिथे नेलेलं असतं.

भूतकाळातली सर्रास चूक यासारखीच. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठीत अगदी स्वाभाविक. त्या 'होतो'मुळे कळतं की गेलो आणि परतही आलो. मूल शब्दाला शब्द ठेवतं: 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे'. इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटलं की ऐकणारा दुसऱ्या घटनेची वाट पाहतो: गेला होतास, आणि मग काय झालं? कारण ते रूप एका भूताच्या मागचं दुसरं भूत दाखवायला आहे. काल गेलो आणि आलो, एवढंच सांगायचं तर 'वेंट' पुरतं. तीच गत 'मी सकाळपासून थांबलोय'ची. मराठीला तिथे 'थांबलोय' पुरे आहे. इंग्रजीला सकाळपासून आत्तापर्यंतचा सगळा पट्टा दाखवायचा असतो, म्हणून 'आय हॅव बीन वेटिंग'. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी फळ्यावर लिहून अर्धा तास त्यांवर बोललं, तर पूर्ण आणि चालू पूर्ण ही घरं मुलाला आयुष्यभर पुरतील.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलं ती भाषा आता दहा-दहा वर्षं शिकतात. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे: तक्ता उजळणीसाठी, शेवटी द्या. आधी दोन रूपं शिकवा, 'गो' आणि 'वेंट'. मग उद्याबद्दल इंग्रज माणूस किती तऱ्हांनी बोलतो, 'विल', 'गोइंग टू', 'आय ॲम लीव्हिंग टुमॉरो', ते ऐकवा. आणि दर वेळी मुलांना विचारा, हेच आपण मराठीत कसं म्हणतो?