दिनदर्शिकेत न बसणारे दिवस

विवाहपूर्व शिबिरांतून नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा पाठ आम्ही धर्मगुरू वर्षानुवर्षे देत आलो आहोत. दौंडच्या अशाच एका शिबिरात, तरुणपणी, मी फळ्यावर अठ्ठावीस दिवसांचा तक्ता काढून ‘सुरक्षित काळ’ समजावून दिला. सारे पांगल्यावर एक विवाहित भगिनी मागे थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “फादर, माझी पाळी तुमच्या फळ्यासारखी येत नाही. कधी बावीस दिवसांत येते, कधी दीड महिना येत नाही. मी काय मोजू?” सेमिनरीत शिकलेल्या नीतिशास्त्रात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते शोधताना जो इतिहास हाती लागला तो येथे मांडीत आहे.

ज्या गणितावर माझा तक्ता उभा होता, ते फार जुने नाही. जपानचे डॉ. क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले की स्त्रीबीज पुढची पाळी येण्यापूर्वी १२ ते १६ दिवस बाहेर पडते. ऑस्ट्रियाचे डॉ. हेरमान क्नाउस त्याच दशकात स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला आले. यातली मेख अशी की मोजणी मागून करायची, आणि तीही अद्याप न आलेल्या तारखेपासून. म्हणून नियम निघाला : आजवरच्या सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करावे, सर्वांत मोठ्यातून ११; मधला काळ गर्भधारणेचा मानावा. चक्र नेमाने २८ दिवसांचे असेल तर दहावा ते सतरावा असे आठ दिवस येतात. त्या भगिनीचे आकडे घातले तर चौथा ते चौतिसावा, म्हणजे एकतीस दिवस! असा संयम सांगणे सोपे. पाळणाऱ्याचा संसार कसा चालावा?

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा पूर्वीच सुरू झाली होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यांची वाट ख्रिस्तसभेची वाट नव्हे. तथापि ‘कावळा शिवला’ असे म्हणून झाकल्या जाणाऱ्या गोष्टीवर मराठीत उघड लिहिण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधने गांधीजींनी नाकारली. सुरक्षित काळाच्या मार्गात निदान संयमाचा अंश आहे, एवढे मात्र त्यांनी मानले.

१९५१ हे वर्ष लक्षणीय आहे. २९ ऑक्टोबर रोजी पोप बारावे पायस यांनी इटलीतील सुईणींपुढे भाषण करताना, गंभीर कारण असल्यास दांपत्याने या काळाचा आधार घेणे नीतीला धरून आहे, असे सांगितले. त्याच वर्षी आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या निमंत्रणावरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठविले. दिल्लीतील लोधी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे प्रयोग झाले. निरक्षर स्त्रियांसाठी रंगीत मण्यांची माळ केली : सुरक्षित दिवसांना हिरवे मणी, गर्भधारणेच्या दिवसांना लाल. रोज एक मणी सरकवायचा. जपमाळ फिरविणाऱ्या समाजाला ही कल्पना रुचावी अशीच होती. पण प्रयोग फसला. कोणी मणी सरकवायला विसरली, कोणाला रात्रीच्या अंधारात रंग ओळखू येईना, आणि जिची पाळी नेमाने येत नव्हती तिची माळ संपे, तरी महिना संपत नसे.

मोजणीऐवजी निरीक्षणाचा मार्ग मेलबर्नहून आला. १९५३ मध्ये फादर मॉरिस कॅटरिनिच यांच्या विनंतीवरून डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी अभ्यास आरंभिला. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन त्यात सहभागी झाल्या. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास स्राव पातळ व निसरडा होतो. त्या खुणेवरून स्त्री स्वतःच दिवस ओळखू शकते. येथे पुढच्या तारखेचे भाकीत करावे लागत नाही, म्हणून अनियमित पाळीच्या स्त्रीलाही जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच केंद्रांतील पाहणीत (त्यांत बंगळूर हे एक) ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी पहिल्याच चक्रात ही खूण ओळखली. मात्र वर्षभरात शंभरांत सुमारे वीस जणींना गर्भ राहिला, मुख्यतः नियम न पाळल्यामुळे. हेही आम्ही शिबिरांत सांगितले पाहिजे.

आणखी एक अडचण आमच्याच मातीतली आहे. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेल्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. जिच्या अंगावरून रोगामुळे सतत पांढरे जाते, तिने निसर्गाची खूण कशी ओळखावी? आधी उपचार, मग उपदेश. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे १९७० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले, ते याच जाणिवेने.

माळ पुढे परतली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावर आधारलेली बत्तीस मण्यांची माळ झारखंडात ‘मालाचक्र’ या नावाने पोचली. पण तिची अट स्पष्ट आहे : चक्र २६ ते ३२ दिवसांचेच हवे. आज भ्रमणध्वनीतील यंत्रणाही मागच्या तारखांवरूनच पुढची तारीख सांगते. बावीस आणि पंचेचाळीस यांची सरासरी काढता येते. त्या सरासरीच्या दिवशी पाळी येईलच असे नाही. अशा स्त्रीने तारखांची नोंद जरूर ठेवावी, पण ती भाकितासाठी नव्हे, डॉक्टरांना दाखविण्यासाठी. अनियमितपणामागे थायरॉईड वा बीजांडकोशाचा विकार असू शकतो.

दरवर्षी भीमा-घोडच्या खोऱ्यात ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात. त्यांच्यापाशी अंदाज चुकण्याची किंमत रोख मोजली जाते : पाळीमुळे कामाला मुकले की खाडा, खाडा की मुकादमाचा दंड. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आले की बीडमधील पाहणीतल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेली होती. जो देह हिशेबात बसेना, त्याचा अवयवच हिशेबातून वजा झाला!

मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, वैद्यांपायी सारे गमावलेली स्त्री भेटते. गर्दीत थांबून प्रभू तिला पुढे बोलावतो, तिचे सारे ऐकून घेतो आणि तिला ‘मुली’ म्हणतो. शब्बाथ माणसासाठी, माणूस शब्बाथासाठी नव्हे, ही त्याचीच शिकवण. दिनदर्शिकेलाही ती लागू आहे. हल्ली शिबिरात मी फळ्यावर तक्ता काढीत नाही. तो पाठ परिचारिका असलेल्या धर्मभगिनी घेतात, आणि पहिला प्रश्न त्या विचारतात : “तुमची पाळी कशी येते?”