यांत्रिक आंदोलकांतील क्वांटम गुंता

दोन कंपन पावणाऱ्या सूक्ष्म वस्तूंच्या गती एकमेकींशी अशा निगडित होणे, की प्रत्येकीचे वेगळे वर्णन अपुरे पडते व दोघींची मिळून एकच क्वांटम अवस्था मानावी लागते. ‘गुंता’ या अर्थाची संज्ञा एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये दिली.

रचना : नीलमाच्या चकतीवर ॲल्युमिनियमचा पातळ पडदा तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसवतात. पडदा व त्याखालील पट्टी मिळून अतिसंवाहक मंडलातील धारित्र बनते. पडदा हलला की मंडलाची अनुस्पंदन-वारंवारता बदलते. त्यामुळे सूक्ष्मतरंगांनी त्याची गती वाचताही येते आणि घडवताही येते. उपकरण निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवतात.

प्रयोग : २०१८ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात मिका सिलनपा यांच्या गटाने असा गुंता दाखवला, मात्र त्याची सिद्धता अंशतः अनुमानावर उभी होती. २०२१ मध्ये बोल्डर (अमेरिका) येथील राष्ट्रीय मानक संस्थेच्या गटाने तो थेट मोजला. तेथील पडदे सुमारे २० मायक्रोमीटर लांब, १४ रुंद व १०० नॅनोमीटर जाड होते. वजन प्रत्येकी ७० पिकोग्रॅम, तरी अणू सुमारे एक लाख कोटी. मोजण्याच्या क्रियेनेच गती विस्कटते, ही खरी अडचण. त्याच वर्षी आल्टोच्या गटाने दोन पडद्यांच्या जोडीवर एकत्रित मापन करून ती टाळली.

२०२२ : स्टॅनफर्ड येथे क्यूबिटच्या (क्वांटम माहितीच्या एककाच्या) साहाय्याने दोन आंदोलकांत गुंता.

भारतातील कार्य : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (कुलाबा) मंदार देशमुख यांचा गट नॅनोयांत्रिकीवर काम करतो. देशमुख यांना २०१५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये या गटाने संस्थेतीलच आर. विजय यांच्यासह ग्राफीनच्या पडद्यातील कंपनरीतींचे प्रबळ युग्मन दाखवले. हा क्वांटम गुंता नव्हे, पण पडद्याच्या गतीवर ताबा मिळवण्याची ती महत्त्वाची पायरी आहे. क्यूबिटवरही येथे काम होते : याच संस्थेत घडवलेल्या सहा क्यूबिटच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. त्याची नियंत्रण-यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने जुळवली.

उपयोग : अतिसूक्ष्म बलांचे मापन; क्वांटम स्मृती.

अशा मापनाशी निगडित, भारताच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानातील (मंजुरी २०२३, ६,००३.६५ कोटी रुपये) संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबई येथे आहे.