न्यायालयातील दाव्याची नोंद कशी शोधावी व कशी वाचावी
(बोथ व परिसरातील भाविक आणि सभासदांच्या माहितीसाठी)



विश्वस्त मंडळाच्या कार्यालयात येणारी बरीच मंडळी दर्शनानंतर घटकाभर बसतात आणि मनातील अडचण सांगतात. त्यांतील एक अडचण वारंवार ऐकू येते. "आजोबांच्या वेळी या जमिनीचा कोर्टात निकाल झाला होता, पण आज हातात कागद नाही." कोणाच्या शेताच्या बांधाचा प्रश्न असतो, कोणाच्या वडिलार्जित घराचा, तर कोणी देवाला दिलेल्या जमिनीविषयी विचारतो. अशा वेळी काय करावे, कोठे जावे, हाती आलेला कागद कसा वाचावा, याची माहिती एके ठिकाणी असावी म्हणून हा लेख देत आहोत.

प्रारंभीच आमची एक चूक सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. देवस्थानास दान मिळालेल्या एका शेतजमिनीचा दावा आम्ही लावला होता. काही काळाने संगणकावर त्या दाव्यापुढे 'निकाली' अशी नोंद दिसली. आम्ही निश्चिंत झालो. सभेत तसे सांगितलेही. पुढे अन्य कामासाठी नक्कल काढली, तेव्हा कळले की तारखेस आमच्याकडून कोणीच हजर नसल्यामुळे दावा काढून टाकण्यात आला होता. असा दावा पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करावयाचा असतो. ती मुदत केव्हाच टळली होती. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर तारखा, नवा खर्च. दोष आमचाच होता. 'निकाली' म्हणजे 'जिंकला' नव्हे, एवढे ध्यानात ठेवले असते तर हे टळले असते. वाचकांनी या लेखातील बाकी सर्व विसरले तरी हे एक वाक्य विसरू नये.

१. कोणते न्यायालय?

जुनी माणसे बोथच्या न्यायालयास 'मुन्सफ कोर्ट' म्हणतात. काही तरुण मंडळी त्याचा अर्थ 'म्युनिसिपल कोर्ट' असा करतात व नगरपालिकेचे वेगळे न्यायालय शोधू लागतात. हा निव्वळ नामसाधर्म्याचा घोटाळा आहे. मुन्सिफ म्हणजे पहिल्या पायरीचा दिवाणी न्यायाधीश. पुढे ते पदनाम जाऊन 'कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश' हे नाव आले. तेच न्यायाधीश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी कामही पाहतात. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेविरुद्धचा दिवाणी दावाही, कायद्याने दुसरा मार्ग ठरवून दिलेला नसेल तर, दिवाणी न्यायालयातच चालतो.

मात्र प्रत्येक वाद या न्यायालयात सापडेल असे नाही. पुढील चार बाबी तपासाव्यात.

(अ) महसुली वाद: पट्टा, वारस नोंद, पासबुक यांची प्रकरणे तहसीलदार, महसूल विभागीय अधिकारी (आर.डी.ओ.) व जिल्हाधिकारी कार्यालयाकडे चालत आली आहेत. २०२० च्या कायद्यानंतर 'धरणी' संकेतस्थळ आले. २०२५ मध्ये 'भू भारती' कायद्याने त्याची जागा घेतली.

(आ) इनाम जमीन: हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा, १९५५ खालील ताबेहक्काच्या प्रमाणपत्राचे (ओ.आर.सी.) प्रकरण आर.डी.ओ. कार्यालयात शोधावे.

(इ) देवस्थानाची मालमत्ता: धर्मादाय व हिंदू धार्मिक संस्था कायदा, १९८७ च्या कलम ८७ प्रमाणे संस्था सार्वजनिक आहे का, जमीन देवस्थानाची आहे का, असे प्रश्न एंडोमेंट न्यायाधिकरण ठरवते.

(ई) अनुसूचित क्षेत्र: आपल्या जिल्ह्यातील जी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, तेथील जमीन हस्तांतरणाचे वाद १९५९ च्या विनियम १ खाली विशेष अधिकाऱ्यांपुढे चालतात.

म्हणून बोथच्या न्यायालयात नोंद मिळाली नाही, एवढ्यावरून दावा झालाच नव्हता असा निष्कर्ष काढू नये.

२. जिल्ह्याच्या सीमा बदलल्या, नोंदी जागच्या जागी राहिल्या

आपला भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडल हे तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले. उलट मुधोळ, भैंसा व कुबेर ही नांदेड जिल्ह्यातील मंडले तेलुगू भाषिक राज्यात आली. आपल्याकडील कितीतरी घरांची सोयरीक या दोन्ही बाजूंना आहे. इस्लापूरकडील कुटुंबाच्या १९५६ पूर्वीच्या कागदावर 'तालुका बोथ' असे आढळेल, तर भैंशाकडील जुन्या कागदावर 'जिल्हा नांदेड' असे लिहिलेले असेल. ते चुकीचे नव्हे, त्या काळी तसेच होते.

पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले. बोथ आदिलाबादमध्येच राहिले, निर्मल वेगळे झाले. १ जानेवारी २०१९ पासून तेलंगणाचे उच्च न्यायालय स्वतंत्र झाले. २०२२ मध्ये नव्या जिल्ह्यांना स्वतंत्र जिल्हा न्यायालये मिळाली. म्हणून निर्मल, मंचेरियाल वा आसिफाबादकडील जुना दावा शोधताना आदिलाबादची नोंदही पाहावी.

३. फसली सन

संस्थानकाळातील कागद बहुधा उर्दूत असतात व त्यांवर फसली सन असतो. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरमध्ये, आजूर महिन्यापासून सुरू होत असे. त्यात ५९० मिळविले की वर्षारंभीचा इसवी सन येतो. जानेवारीनंतरच्या तारखेसाठी ५९१ मिळवावे. उदाहरणार्थ, जहागिऱ्या रद्द करणारा विनियम १३५८ फसलीचा म्हणून ओळखला जातो. त्याची इसवी तारीख १५ ऑगस्ट १९४९ आहे. १३५८ अधिक ५९१ म्हणजे १९४९. हा हिशेब चुकल्यास सारा शोध एका वर्षाने चुकतो. जमिनीच्या बाबतीत १९५४-५५ ची खासरा पहाणी सोबत पाहावी. तेलंगणात तो मूळ आधार मानला जातो.

४. नोंद शोधण्याचा क्रम

प्रथम घरातील पेटी उघडावी. जुने समन्स, वकीलपत्राची प्रत, फीची पावती यांपैकी कशावरही दाव्याचा क्रमांक व वर्ष असते. या दोन गोष्टी मिळाल्या की निम्मे काम झाले.

संगणकीय नोंदी 'ई-कोर्ट्स' या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. राज्य तेलंगणा, जिल्हा आदिलाबाद, त्यानंतर बोथ न्यायालय निवडावे. दावा क्रमांक, पक्षकाराचे नाव, वकिलाचे नाव, पोलीस ठाण्यातील एफ.आय.आर. क्रमांक यांपैकी कशानेही शोध घेता येतो. संगणकीय पद्धतीत प्रत्येक दाव्यास सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक मिळतो. त्यातील पहिली चार अक्षरे राज्य व जिल्ह्याची, पुढील दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक दाव्याचे व शेवटचे चार वर्षाचे असतात. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. शोधासाठी एवढा एकच पुरतो.

नावाने शोधताना सावध राहावे. नावे रोमन लिपीत असतात व स्पेलिंग एकसारखे नसते. शिवाय तेलुगू रीतीप्रमाणे घराणे आधी व व्यक्तीचे नाव नंतर लिहिले जाते. आपल्याकडे आडनाव शेवटी येते. म्हणून दोन्ही प्रकारे, आणि 'राव' जोडून व तोडून, शोध घ्यावा. 'प्रलंबित' व 'निकाली' ही दोन्ही सदरे पाहावीत. नाव जुळले तरी वडिलांचे नाव, गाव व सर्व्हे नंबर जुळल्याशिवाय तो आपलाच दावा समजू नये.

ई-कोर्ट्स योजना २००७ साली आरंभली. त्यापूर्वीचा दावा संगणकावर न सापडल्यास न्यायालयाच्या कार्यालयात दाव्यांची नोंदवही असते. वकिलामार्फत अर्ज करून ती पाहावी.

५. अक्षरांचा अर्थ

तेलंगणातील नोंदींत ओ.एस. म्हणजे मूळ दिवाणी दावा, आय.ए. म्हणजे त्या दाव्यातील अंतरिम अर्ज, ई.पी. म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, ए.एस. म्हणजे पहिले अपील आणि सी.सी. म्हणजे फौजदारी खटला. पलीकडे किनवटच्या न्यायालयात मूळ दाव्यास आर.सी.एस. व अंमलबजावणीस 'दरखास्त' म्हणतात. गोष्ट एकच, नावे दोन.

मूळ दाव्याच्या नोंदीखाली आय.ए. आणि ई.पी. यांचे वेगळे क्रमांक असू शकतात. मनाई हुकुमाचा अर्ज मंजूर झाला म्हणजे दावा जिंकला असे होत नाही. तो निकालापर्यंतचा तात्पुरता बंदोबस्त असतो.

६. 'निकाली' म्हणजे कसा निकाली?

हा या लेखाचा गाभा आहे. निकाली दावा पुढीलपैकी कोणत्या तरी प्रकारचा असतो.

गुणदोषांवर निकाल: दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशांनी निर्णय दिला. त्यावर जिल्ह्यातील वरच्या न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस; अपील थेट उच्च न्यायालयात जात असल्यास ९० दिवस.

एकतर्फी हुकूमनामा: प्रतिवादी हजर झाला नाही. तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस.

गैरहजेरीमुळे काढून टाकलेला: वादी हजर नव्हता. पुन्हा दाखल करण्याचा अर्ज ३० दिवसांत.

मागे घेतलेला: नव्याने दावा लावण्याची परवानगी न्यायालयाने दिली होती काय, हे आदेशात पाहावे. परवानगी नसल्यास त्याच कारणासाठी पुन्हा दावा लावता येत नाही.

लोक अदालतीत तडजोड: तिचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील नाही.

जिंकलेल्या पक्षानेही स्वस्थ बसू नये. हुकूमनाम्याची अंमलबजावणी साधारणतः १२ वर्षांत मागावी लागते. कायम मनाई हुकुमास ही मर्यादा नाही. मात्र 'अमुक गोष्ट करा' अशा आज्ञार्थी हुकुमास ३ वर्षेच आहेत.

७. नक्कल

संगणकाच्या पडद्यावरील नोंद ही केवळ माहिती आहे. पुरावा म्हणून सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल लागते. दावा क्रमांक, पक्षकारांची नावे व हवे असलेले कागद लिहून न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा. दाव्यात पक्षकार नसलेल्यास नक्कल कशासाठी हवी याचे कारण प्रतिज्ञापत्रासह द्यावे लागते. येथे माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी पडत नाही. न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

न्यायनिर्णय आणि हुकूमनामा या दोहोंचीही नक्कल मागावी. न्यायनिर्णयात कारणे असतात. हुकूमनाम्यात कोणास काय मिळाले हे थोडक्यात असते. जमिनीच्या दाव्यात हुकूमनाम्याखालील परिशिष्ट अवश्य वाचावे, कारण सर्व्हे नंबर, क्षेत्र व चतुःसीमा तेथेच असतात. नकलेवर अर्ज केल्याची व नक्कल तयार झाल्याची तारीख असते. नक्कल मिळण्यास लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. म्हणून ते पान फाडू वा हरवू नये.

जुन्या फायलीतील सर्व कागद कायम ठेवले जात नाहीत. नियमानुसार मुदतीनंतर काही नष्ट केले जातात. यास्तव ज्यांच्या घरी जुना निकाल चालू आहे असे समजले जाते, त्यांनी त्याची नक्कल आजच काढून ठेवावी.

८. शेवटची विनंती

हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक व अल्प उत्पन्नाचे लोक यांस विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयातील मंडल विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

ज्या भाविकांनी देवस्थानास जमीन अथवा घर अर्पण केले आहे, त्यांच्या घरी त्या संबंधीचा जुना निकाल, समन्स वा पावती असल्यास तिची छायाप्रत कार्यालयात आणून द्यावी, ही नम्र विनंती. मूळ कागद आपल्याजवळच ठेवावा. पूर्वजांनी श्रद्धेने दिलेले दान कागदाअभावी हातचे जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.



आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ, बोथ