बर्नच्या यंग बॉईज क्लबची वाटचाल : देशांतर्गत वर्चस्व आणि युरोपीय मर्यादा

क्रीडासंस्थांचा इतिहास बहुधा विजेतेपदांच्या यादीच्या आधारे लिहिला जातो. यादी वाढत गेली म्हणजे संस्थेची पातळीही उंचावली, असे त्यात गृहीत धरलेले असते. स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या यंग बॉईज या फुटबॉल क्लबच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. देशांतर्गत १७ विजेतेपदे मिळविणाऱ्या या क्लबची युरोपातील सर्वोच्च कामगिरी १९५९ सालची आहे.

१८९८ मध्ये बर्नच्या काही विद्यार्थ्यांनी हा क्लब स्थापन केला. बासेलच्या ओल्ड बॉईज संघाचा खेळ पाहून त्यांनी गमतीने 'यंग बॉईज' हे नाव घेतले. १९०३ मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले आणि १९०९ ते १९११ अशी सलग तीन वर्षे ते राखले गेले. त्यानंतर मात्र १९२० व १९२९ वगळता दीर्घकाळ या यादीत भर पडली नाही.

खरा उत्कर्ष जर्मन प्रशिक्षक आल्बेर्ट झिंग यांच्या काळात झाला. १९५७ ते १९६० अशी सलग चार विजेतेपदे क्लबने मिळविली. १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ज्या वांकडॉर्फ मैदानावर झाला, तेच क्लबचे घरचे मैदान होते. १९५८-५९ च्या युरोपीय चषकात यंग बॉईजची गाठ प्रथम मँचेस्टर युनायटेडशी पडायची होती. म्युनिक येथील विमान अपघातानंतर त्या संघाला विशेष निमंत्रण देण्यात आले होते. परंतु इंग्लिश फुटबॉल अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारल्याने ती लढत झालीच नाही. पुढे बुडापेस्टच्या एमटीके संघाला दोन्ही सामन्यांत नमवून, तर कार्ल-मार्क्स-श्टाटच्या विस्मुट संघाला ॲमस्टरडॅम येथील तिसऱ्या, निर्णायक सामन्यात २-१ असे हरवून क्लबने उपांत्य फेरी गाठली. तेथे फ्रान्सच्या रीम्स संघावर बर्नमध्ये १-० अशी मात केली. पॅरिसमध्ये मात्र ०-३ असा पराभव पत्करावा लागला. त्या काळी श्रीमंत व सामान्य क्लबांमधील अंतर अस्तित्वात होते, पण ते ओलांडता येण्याजोगे होते. ही नोंद त्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

१९६० नंतरचे विजेतेपद थेट १९८६ मध्ये आले आणि पुढचे २०१८ मध्ये. या ३२ वर्षांत क्लब दुसऱ्या श्रेणीतही घसरला. जुने वांकडॉर्फ २००१ मध्ये पाडण्यात आले व २००५ मध्ये त्याच जागी नवे उभे राहिले. २००८ आणि २०१० या दोन्ही हंगामांत अखेरच्या दिवशी बासेलकडून हार पत्करून विजेतेपद निसटले. मोक्याच्या क्षणी कच खाण्याला क्लबच्याच नावावरून क्रियापद पडावे, यापेक्षा बोचरा अभिप्राय कोणता असू शकेल? अखेर २८ एप्रिल २०१८ रोजी ल्युत्सर्नविरुद्ध गोलरक्षक व्यॉल्फ्लीने पेनल्टी अडविली, ८९ व्या मिनिटाला न्सामेने गोल केला आणि प्रतीक्षा संपली. प्रशिक्षक ॲडी ह्यूटर यांच्या या यशानंतर २०१९, २०२०, २०२१, २०२३ आणि २०२४ अशी विजेतेपदे मिळत गेली.

मधल्या काळात युरोपीय फुटबॉलची रचनाच पालटली होती. १९९२ पासून चॅम्पियन्स लीगमधील उत्पन्न मोठ्या देशांच्या क्लबांकडे एकवटत गेले. १९९५ च्या बॉसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला मुक्त केले, तसेच युरोपीय संघातील परदेशी खेळाडूंवरील संख्यामर्यादाही उठविली. चांगला खेळाडू घडवावा आणि तो विकून पुढचा हंगाम उभा करावा, हा लहान देशांतील क्लबांचा अर्थव्यवहार झाला. घरच्या साखळीत वर्चस्व मिळविण्यास तो पुरेसा होता, युरोपात नव्हे.

तुरळक विजय मात्र मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये युव्हेंटसवर २-१ आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडवर, तेही जादा वेळेतील गोलने, २-१ अशी मात करण्यात आली. पण या दोन्ही हंगामांत यंग बॉईज गटात तळाशीच राहिला. २०२४ मध्ये पात्रता फेरीत गलातासरायला दोन्ही सामन्यांत हरवून क्लबने पुन्हा मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळविला. तेथे आठही सामन्यांत पराभव झाला; ३ गोल केले, २४ स्वीकारले. त्या वेळी हा संघ स्वित्झर्लंडचा विद्यमान विजेता होता.