ओपी

ओपी : हस्तसंगणकांसाठी सिद्ध केलेली मुक्तस्रोत चित्रमय परिसर-प्रणाली. नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीच्या क्यूटोपिया या प्रणालीतून स्वयंसेवी आज्ञावलीकारांनी २००२ च्या सुमारास ही शाखा स्वतंत्र केली. शार्पचा झॉरस व कॉम्पॅकचा आयपॅक या यंत्रांवर तिचा विशेष वापर झाला.

स्थापना : आयपॅकवर मूळची विंडोज सीई ही कार्यप्रणाली असल्यामुळे, तिच्या जागी फॅमिलिअर ही लिनक्सची आवृत्ती दाखल करणे क्रमप्राप्त असे. प्रथम बूटब्लास्टर या आज्ञावलीने कायम स्मृतीतील मूळ ऐवजाची नक्कल राखून ठेवीत, जेणेकरून पूर्वस्थितीवर येण्याची मुभा राही. त्यानंतर नवा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताच कार्यप्रणाली चालू करणारी आज्ञावली, लिहिला जाई; या अवधीत वीज खंडित झाल्यास यंत्रच निकामी होण्याचा संभव असल्याने ते विद्युतभारकास जोडून ठेवणे अगत्याचे होते. मग सिरियल केबलद्वारे, सेकंदास १,१५,२०० बिट या वेगाने, ओपीसह संपूर्ण प्रणालीची प्रतिमा फ्लॅश स्मृतीत उतरवीत. आयपॅकच्या ३६०० मालिकेत ही स्मृती अवघी १६ मेगाबाइट असे. म्हणून लिनक्सवरील नेहमीच्या एक्स विंडो या चित्रमय प्रणालीवाचून थेट पडद्यावर चित्रांकन करण्याची ओपीची काटकसर मोलाची ठरली. यंत्र प्रथम सुरू करताना लेखणीने पडद्याचे अंशांकन होई आणि पुढील साधने आयपीकेजी या व्यवस्थापकामार्फत चढविता येत.

महत्त्व : उत्पादकाच्या मर्जीवाचून स्वतःच्या यंत्राचा कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार या उपक्रमाने सामान्य धारकास दिला, आणि त्याच परंपरेतून अंतःस्थापित यंत्रांसाठी ओपनएम्बेडेड ही बांधणी-व्यवस्था उदयास आली.