वसीकाचा हर्टर : एका टपाली दुकानाचा उदयास्त

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर वसीका नावाचे एक गाव आहे. आजूबाजूला मक्याची शेते, मधून मधून तळी आणि हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. नकाशावर शोधायला भिंग घ्यावे लागेल अशा या गावाचे नाव एके काळी अमेरिकेतल्या लक्षावधी घरांत ठाऊक होते. त्याला कारण तिथून टपालाने येणारे एक जाडजूड पुस्तक : 'हर्टर्स' या दुकानाचा कॅटलॉग. शिकार, मासेमारी, रानातला मुक्काम आणि घरच्या घरी काडतुसे भरण्याची यंत्रे हा या दुकानाचा मुख्य माल. आज सत्तरी ओलांडलेल्या अमेरिकन शिकाऱ्यापुढे हे नाव काढले, तर तो आधी हसतो आणि मग अर्धा तास बोलत राहतो. दुकान बुडून चाळीस वर्षे उलटली, तरी त्याचे जुने कॅटलॉग संग्राहक पैसे मोजून घेतात. या हळहळीत नेमके काय दडले आहे, आणि त्या आठवणीतून काय सोयीस्करपणे गळून पडले आहे, हे तपासण्याजोगे आहे.

टपाली दुकान ही अमेरिकेच्या शेतकरी वस्तीची गरज होती. शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये एका साध्या कागदावर मालाची यादी छापून हा धंदा सुरू केला. शेतकऱ्याला गावच्या एकुलत्या एका वाण्याच्या तोंडाकडे पाहण्यापासून त्याने सोडवले. मागोमाग सीअर्स, रोबक आले. १८९६ पासून सरकारी टपाल खेड्यातल्या दारापर्यंत पोचू लागले आणि १ जानेवारी १९१३ ला पार्सल टपाल सुरू झाले, तशी या धंद्याला भरती आली. ज्यांनी पोस्टमनच्या हाती पैसे देऊन व्ही.पी.पी.चे पुडके सोडवले आहे, किंवा मुंबईत काळाघोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सच्या इमारतीवरचे नाव वाचले आहे, त्यांना ही तऱ्हा अगदी परकी वाटू नये. न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवायचे आणि न पाहिलेल्या मालाची वाट पाहायची. सगळा व्यवहार छापील शब्दावर.

जॉर्ज लिओनार्ड हर्टर हा छापील शब्दाचाच माणूस. त्याचा जन्म १९११ चा. बापाचे वसीकात कापडचोपडाचे दुकान होते. त्याच छपराखाली १९३० च्या दशकात मुलाने शिकारीच्या सामानाचा टपाली धंदा मांडला. कॅटलॉगवर मात्र दुकानाची स्थापना १८९३ ची म्हणून छापली जाई. म्हणजे संस्थापक जन्माला येण्याच्या अठरा वर्षे आधीची! बापाच्या दुकानाचे वय मुलाच्या धंद्याला चिकटवण्याची ही युक्ती आपल्याकडच्या मिठाईवाल्यांनाही नवी नाही. पण हर्टरच्या साऱ्या लेखनाचा नमुना या एका आकड्यात सापडतो. खरे आणि वाढवून सांगितलेले यांची त्याने अशी काही मोट बांधली, की ती सोडवत बसण्याची इच्छा ग्राहकाला होऊ नये.

धंद्याची वेळ त्याला बरी सापडली. मिनेसोटा हा बदकांच्या स्थलांतराच्या वाटेवरचा प्रदेश. पूर्वी तिथले शिकारी जिवंत पाळीव बदके पाण्यावर बांधून ठेवत. त्यांच्या ओरडण्याने वरून जाणारे थवे खाली उतरत. तितराने तितर धरण्याची फासेपारध्यांची रीत आपल्याला ठाऊक आहे, त्यातलाच हा प्रकार. तिशीच्या दशकातल्या दुष्काळात बदकांची संख्या घटली आणि १९३५ मध्ये संघसरकारने जिवंत आमिषावर बंदी घातली. मग लाकडी बदके हवीत, आणि बदकाचा आवाज काढणारी शिट्टीही हवी. हर्टरने दोन्ही विकली. पक्ष्यांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने शिकारीच्या सामानाचा एक बाजार वाढवला. पुढे आणखी एका कायद्याने त्याच दुकानाचा कणा मोडला, तो भाग नंतर येईल.

दुसरे महायुद्ध संपले. बंदूक हाताळायला शिकलेले लाखो तरुण घरी परतले. हाती पैसा होता, मोटार होती, रानही जवळ होते. काडतुसे मात्र महाग. इथे काडतूस पुन्हा भरण्याचा उद्योग समजून घेतला पाहिजे, कारण हर्टरच्या आठवणींचा गाभा तोच आहे. काडतुसाचे चार भाग : पितळी नळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी आणि दारू जाते, प्रायमर निकामी होतो. पण नळी शाबूत राहते, आणि चौघांत महाग तीच. पोलादी दांड्याच्या दाबयंत्रात ती धरायची. एका दाबासरशी जुना प्रायमर बाहेर पडतो आणि फुगलेली नळी पुन्हा मापात येते. मग नवा प्रायमर, मोजलेली दारू, वरून गोळी. दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात आणि ७००० ग्रेनांचा एक पौंड होतो. हरणाच्या शिकारीच्या एका काडतुसाला सुमारे ५० ग्रेन लागतात असे धरले, तर पौंडभर दारूत १४० बार निघतात. मोजमापात चूक झाली तर बंदूक फुटून डोळा जाण्याची भीती. म्हणून हे काम म्हटले तर काटकसरीचे, म्हटले तर एकाग्रतेचे. हिवाळ्याच्या लांब रात्री तळघरातल्या बाकावर बसून बापाने दांडा ओढायचा आणि मुलाने नळ्या पुसायच्या, हे त्या पिढीचे घरगुती चित्र.

दाबयंत्रे बनवणारे इतरही होते. नेब्रास्कात जॉयस हॉर्नाडीने १९४९ मध्ये गोळ्यांचा कारखाना काढला, आणि तो आजही चालू आहे. पण हर्टरची बिडाची यंत्रे स्वस्त होती, बोजड होती आणि मोडता मोडत नसत. ती अजूनही जुन्या बाजारात फिरतात आणि कामाला येतात. कॅटलॉगच्या बढायांपैकी निदान ही एक काळाच्या कसोटीला उतरली असे म्हणावे लागते. कंबर खपाटीला गेलेल्या 'वॉस्प वेस्ट' गोळ्यांची गोष्ट तशी नाही. त्यांच्या आकाराचे हर्टरने केलेले गुणगान दुकानाबरोबरच संपले. १९६१ मध्ये त्याने '.४०१ पॉवरमॅग' हे स्वतःचे रिव्हॉल्व्हरचे काडतूसही काढले. रिव्हॉल्व्हर जर्मनीतल्या सावर कंपनीकडून बनून येई. तो खपला बेताचाच.

या मालापेक्षा लोकांच्या लक्षात राहिली ती कॅटलॉगची भाषा. प्रत्येक वस्तू जगप्रसिद्ध. प्रत्येक वस्तूमागे कुठल्यातरी दूरदेशीच्या वाटाड्यांची शिफारस. प्रतिस्पर्ध्यांच्या मालाला सरळ शिव्या. होडीचे वर्णन करता करता लेखक राजकारणात शिरायचा, आणि चाकूला धार कशी लावावी हे सांगताना साऱ्या जगाला अक्कल शिकवायचा. १९६० मध्ये त्याने पत्नी बर्थ हिच्यासह 'बुल कुक अँड ऑथेंटिक हिस्टॉरिकल रेसिपीज अँड प्रॅक्टिसेस' हे पाकपुस्तक स्वतःच छापून कॅटलॉगमधून विकले. येशूची माता मेरी हिला पालक फार आवडे, अशी माहिती त्यात छातीठोकपणे दिली आहे. हायड्रोजन बॉम्ब पडला तर काय करावे हेही आहे. इतिहास म्हणून त्यातल्या कशावरही विसंबू नये. तरीही २००८ मध्ये पॉल कॉलिन्स यांना न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्रंथ-पुरवणीत या माणसावर लेख लिहावासा वाटला. माझ्या मते कारण सोपे आहे. सीअर्सचा कॅटलॉग कंपनी लिहीत असे, हर्टरचा कॅटलॉग एक माणूस लिहीत होता. तो थापाड्या होता, हेकट होता, बायकांविषयी त्याने जे लिहिले ते आज वाचवत नाही. पण दूर शेतावर हिवाळ्यात अडकलेल्या वाचकाशी तो समोर बसल्यासारखा बोलत असे.

या कॅटलॉगचा एक धागा थेट आपल्या सह्याद्रीत येतो. मासे पकडायच्या गळाला पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी बांधण्याची कला इंग्लंड-स्कॉटलंडात वाढली. तिथल्या सामन माशांसाठीच्या नामांकित माश्यांना 'जंगल कॉक'ची पिसे लागत. हा जंगल कॉक म्हणजे आपला राखी रानकोंबडा, शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटाय. तो भारताच्या द्वीपकल्पातच आढळतो. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाशी मेणासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात, असे माशी बांधणारे मानत. त्यासाठी रानकोंबड्याच्या माना कातड्यासकट सोलून परदेशी जात. हर्टर माशी बांधण्याच्या सामानाचा मोठा व्यापारी होता, त्यावर त्याने मार्गदर्शक पुस्तकही लिहिले होते, आणि त्या काळी या पिसांवाचून असल्या सामानाची यादी पुरी होत नसे. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे आरवणाऱ्या पक्ष्याची मान मिनेसोटातल्या मुलाच्या टेबलावर पोचत होती, ती या व्यापाराच्या वाटेने. पुढे भारतातून होणारी ही निर्यात थांबली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यालाही संरक्षण मिळाले. जुन्या अमेरिकन माशीबांध्यांच्या आठवणींत या पिसांच्या तेव्हाच्या स्वस्ताईबद्दल उसासे असतात. कोंबड्याच्या बाजूने त्या स्वस्ताईचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

असाच न मांडलेला दुसरा हिशेब बंदुकांचा. १९२७ च्या कायद्याने पिस्तूल-रिव्हॉल्व्हर सरकारी टपालाने खाजगी माणसाला पाठवायला बंदी होती, पण खाजगी पार्सल कंपन्यांना ती लागू नव्हती. रायफल तर सरळ टपालाने येई. मार्च १९६३ मध्ये डल्लासच्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर शिकागोच्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स या टपाली दुकानातून एक जुनी इटालियन लष्करी रायफल गेली. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट, पाठवणीचे दीड डॉलर वेगळे. मासिकातले कूपन कापून, मनीऑर्डर जोडून, ए. हिडेल या खोट्या नावाने ती मागवणारा ली हार्वे ऑस्वाल्ड होता. २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. त्यानंतर काही तासांतच तपासनिसांनी शिकागोच्या दुकानातल्या मायक्रोफिल्मवर ते कूपन शोधून काढले. टपाली धंद्यात कागद मागे उरतो, तो असा.

सिनेटर थॉमस डॉड टपाली शस्त्रविक्रीवर निर्बंध आणण्यासाठी आधीपासूनच खटपट करत होते. तरी कायदा व्हायला आणखी पाच वर्षे आणि आणखी दोन खून लागले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. २२ ऑक्टोबर १९६८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी शस्त्रनियंत्रण कायद्यावर सही केली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या सामान्य ग्राहकाला टपालाने बंदूक पाठवणे बंद झाले. हर्टरला त्याहून वर्मी लागली ती कायद्यातली एक व्याख्या. 'दारूगोळा' या शब्दात तयार काडतुसांबरोबर रिकाम्या नळ्या, प्रायमर, गोळ्या आणि दारूही धरली गेली. दाबयंत्र टपालाने मिळेल, पण त्यात घालायचे सामान नाही! परदेशी शस्त्रांच्या आयातीलाही चाप बसला, आणि हर्टरच्या रायफलींचे भाग तर इंग्लंड आणि युगोस्लाव्हियातून येत.

त्या पिढीतले कित्येक शिकारी आजही हर्टरच्या अंताचे खापर या कायद्यावर एकट्यावर फोडतात. हे पुरते पटत नाही. कंपनी कायद्यानंतरही बारा-तेरा वर्षे तगली. तिने शेजारच्या राज्यांत मोठी दुकाने काढली, कपडे आणि तंबू विकले. पण हमरस्त्यावरची स्वस्त मोठी दुकाने वाढत होती, आणि एका माणसाच्या हेक्यावर चालणारा धंदा इतका पसरला की तो सांभाळायला हेका पुरत नाही. १९८१ मध्ये हर्टर्स बुडाली. काडतुसाच्या सुट्या भागांवरचा आंतरराज्य टपालाचा निर्बंध १९८६ मध्ये उठला, तेव्हा त्याचा फायदा घ्यायला ती उरली नव्हती. जॉर्ज हर्टर १९९४ मध्ये वारला. त्याच्या आदल्या वर्षी सीअर्सनेही आपला मोठा कॅटलॉग बंद केला होता.

हर्टरची जागा घेतली ती नेब्रास्कातल्या कॅबेलाज कंपनीने. डिक कॅबेलाने १९६१ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गळाच्या माश्या टपालाने विकण्यापासून सुरुवात केली होती. पुढे या कंपनीने हर्टर्स हे नावही घेतले आणि काडतुसांच्या खोक्यांवर छापले. साम्यवादाच्या नावाने बोटे मोडणाऱ्या पिढीला प्रिय असलेले हे नाव अलीकडे ज्या स्वस्त काडतुसांवर झळकले, त्यांपैकी पुष्कळ रशियातल्या तुला शहरात बनलेली होती. त्यांची नळी पितळेची नसून पोलादाची होती, पुन्हा भरायला सहसा न घेतली जाणारी. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने थांबवले, आणि तो पुरवठाही आटला.