किनारा दिसेनासा झाल्यावर : प्रस्तावना

समुद्रपक्षी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बंदरावरचे कुरव येतात. मासळी उतरू लागली की गलका करणारे. ते पाहून मन भरलं असेल, तर पुढच्या पानांत तुमचं स्वागत आहे. इथली पक्षीगणना सुरू होते ती किनारा दिसेनासा झाल्यावर, संशोधन जहाजाच्या नाळेवरून.

हिवाळाच का? पावसाळ्यात नाळेवर कुणी उभं राहू शकत नाही, हे खरं. पण खरं कारण पाण्यात आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचे थंड, कोरडे वारे उत्तर अरबी समुद्रावरून वाहतात. बाष्पीभवनाने वरचं पाणी गार होतं, जड होऊन खाली बसतं आणि खालचं पोषक पाणी ढवळून वर येतं. मग प्लवकांची रेलचेल होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९६ मध्ये ही प्रक्रिया उलगडून दाखवली. पक्षी मोजणाऱ्याने ती आधी समजून घ्यावी, मग दुर्बीण उचलावी.

या मेजवानीचा सर्वांत नवलाचा पाहुणा म्हणजे लाल मानेचा फॅलारोप. हिवाळ्यात मात्र मान लाल नसते. पांढरट-राखी अंग आणि डोळ्यामागे काळा पट्टा, एवढीच खूण. वजन जेमतेम ३५ ग्रॅम, कूळ चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवारांचं, आणि तरी हा कित्येक महिने जमिनीला पाय लावत नाही. पाण्यावर बसून भिंगरीसारखा गरागरा फिरतो, त्या ओढीने खालचे बारीक जीव वर येतात आणि तो ते टिपतो. ईशान्य वारा समुद्रभर जे करतो, ते हा वीतभर पाण्यात करतो. स्कँडिनेव्हियातल्या फॅलारोपांच्या अंगावर बारीक नोंदयंत्रं बांधून पाहिलं, तेव्हा ते अरबी समुद्राकडे येतात हे कळलं. शेटलंड-आइसलँडचे त्यांचे भाऊबंद मात्र अटलांटिक ओलांडून थेट प्रशांत महासागर गाठतात.

आपल्या समुद्राचं पक्षिशास्त्र जुनं आहे, पण तुटक. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव आपण जोडतो त्या ह्यूम यांनीच १८७२ मध्ये पर्शियन शीअरवॉटरला शास्त्रीय नाव दिलं आणि १८७५ मध्ये ‘क्लाइड’ जहाजावरून लक्षद्वीपची सफर केली. त्यांची नोंद बंदुकीने होई. पुढे खंड किती पडावा? जुआनिनचा पेट्रेल हा चांगला पारव्याएवढ्या लांबीचा तपकिरी पक्षी अरबी समुद्रावर उडत असूनही १९५५ पर्यंत शास्त्राला ठाऊकच नव्हता.

आता पद्धत. जहाजाच्या एकाच बाजूचा ३०० मीटर रुंदीचा पट्टा धरायचा आणि दहा-दहा मिनिटांनी रकाना बदलायचा. दहा नॉट वेगाला एका रकान्यात साधारण एक चौरस किलोमीटर पाणी येतं. बसलेले पक्षी सरसकट मोजायचे. उडते मात्र तसे मोजले तर आकडा फुगतो, कारण सुरय जहाजापेक्षा वेगवान. मागून येऊन पट्टा कापणाराही मोजला जातो. म्हणून दर मिनिटाला एकदा, जणू फोटो काढावा तसे, त्या क्षणी पट्ट्यात असलेले तेवढेच लिहायचे. जहाजामागे लागलेले कुरव वगळायचे.

संशोधन जहाज पक्ष्यांसाठी वळत नाही. पाण्याचे नमुने घ्यायचे ठिकाण ठरलेलं, मार्ग ठरलेला. डावीकडे स्कुआ सुरयांना छळून मासळी ओकायला लावत असले तरी जहाज सरळच जातं. नवख्याचा जीव तळमळतो. माझ्या मते मात्र या कामाचं सगळं मोल त्या सरळ जाण्यात आहे. पक्षी दिसतील तिथेच गेलो, तर पक्षी कुठे नाहीत हे कधीच कळणार नाही. म्हणून ज्या दहा मिनिटांत काही दिसलं नाही, तिथे शून्य लिहा. रकाना कोरा सोडू नका. कोऱ्याचा अर्थ ‘पाहिलं नाही’ असाही होतो.

ओळखीची घाई नको. हिवाळ्यात स्कुआच्या शेपटीची लांब मधली पिसं बरेचदा तुटलेली वा झडलेली असतात. ‘स्कुआ, जात अनिश्चित’ ही पूर्ण सन्मानाची नोंद आहे.

शेवटी ट्रॉलरविषयी. जाळ्यातली टाकाऊ मासळी समुद्रात पडली की मैलभरातले पक्षी तिथे जमतात आणि निर्जीव पाणीही संपन्न भासतं. नोंदवहीत यासाठी वेगळा रकाना ठेवावा. ट्रॉलर दिसला की आधी त्याचं अंतर लिहा, पक्षी नंतर.